काळ्या मातीतली परसबाग

सेवाग्रामच्या परिसरात घर बांधून झालं की पहिल्याच पावसाळ्यात माणूस नर्सरीत जातो आणि गाडीत मावतील तेवढी रोपं घेऊन येतो. गुलाब, मोगरा, लिंबू, पेरू, एखादी पपई. दिवाळीपर्यंत त्यातली बरीच गेलेली असतात. ‘माझ्या हाताला झाडच लागत नाही,’ असं मग तो म्हणतो. हाताचा यात काही दोष नसतो. रोपं आणण्याआधी मातीकडे पाहायचं राहून गेलेलं असतं, आणि आमच्या भागात मातीकडे न पाहता बाग होत नाही.

पाहायचं म्हणजे एक खड्डा करायचा. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल. संध्याकाळी तो पाण्याने भरायचा. ते पाणी जिरलं की पुन्हा भरायचा आणि आता वेळ मोजायची. दुसऱ्या खेपेचं पाणी चार-सहा तासांत उतरलं तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी चमकत असेल, तर ती अस्सल काळी माती आहे असं समजायचं. नव्या घराच्या आवारात कधी वेगळंच निघतं. वर टाकलेला मुरूम, त्याखाली विटांचे तुकडे, चुना, सिमेंटचे गोळे. तो सगळा राडारोडा निदान झाड लावायच्या जागेपुरता तरी काढून टाकावा लागतो, नाही तर त्यातला चुना झाडाला पुढे कितीतरी वर्षं छळतो.

वर्धा जिल्ह्यातली ही काळी माती दख्खनच्या बसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यात स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. या चिकणमातीच्या कणांची रचना अतिशय पातळ थरांची असते. पाणी मिळालं की ते या थरांमध्ये शिरतं आणि माती फुगते. वाळली की तीच माती आक्रसते आणि मे महिन्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पऱ्हाटीला आणि तुरीला ही माती मानवते, कारण त्यांची सोटमुळं खोल जातात आणि पावसाळा संपल्यावरही खालची ओल शोधून काढतात. परसबागेतली बहुतेक झाडं मात्र वरच्या फूट-दीड फुटात जगणारी. त्या थरात पावसाळ्यात हवा उरत नाही, आणि उन्हाळ्यात भेगा पडताना बारीक मुळं तुटतात.

मुळं श्वास घेतात, ही गोष्ट आपण सहज विसरतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही. ती सडू लागतात आणि सडलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. मग भोवती पाणी असूनही पानं मलूल होऊन लोंबतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून आपण आणखी एक बादली ओततो. काळ्या मातीत तहानेपेक्षा गुदमरून मेलेली झाडं जास्त असतात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पाणी देण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहायचं. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी द्यायचं नाही, वरची माती कितीही कोरडी दिसो. सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी चारला मान टाकून संध्याकाळी पुन्हा उभं राहत असेल, तर ते उन्हाचं आहे, काळजीचं कारण नाही. सकाळी सहालाही पानं लोंबलेलीच असतील आणि माती ओली असेल, तर आधी पाणी बंद करून आळ्याचा एक कोपरा फोडायचा, साचलेलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि माती हलक्या हाताने मोकळी करायची.

पपईच्या बाबतीत हे इतकं खरं आहे की दोन दिवस बुंध्याशी पाणी साचलं तरी उभं झाड कोसळतं. आमच्याकडे पपई लावायची ती फूटभर उंचीच्या मातीच्या ढिगावर, बुंध्यापासून उतार बाहेरच्या बाजूला ठेवून. वृंदावनातली तुळसही श्रावणात जाते ती बहुधा याच कारणाने. वृंदावनाच्या तळाला पाणी जायला भोक असतं, पण ते आतल्या मातीने गच्च बसलेलं असतं. मे महिन्यात एकदा तार घालून ते मोकळं केलं तर पुढची अडचण टळते.

आता बागेची ठेवण. इथे पाऊस पडतो साधारण हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जवळपास कोरडे, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. एकाच आकाराचा वाफा या दोन्ही टोकांना पुरत नाही. म्हणून पावसाळ्यात बाग उंच आणि उन्हाळ्यात खोल ठेवायची. मृगाच्या आधी गादीवाफे करायचे, वीतभर उंच आणि तीन फुटांहून अधिक रुंद नाहीत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. ओल्या काळ्या मातीवर एकदा पाय पडला की ती जागा पुढचा हंगामभर विटेसारखी घट्ट राहते. फेब्रुवारीत तेच वाफे मोडून सपाटीच्या थोडे खाली घ्यायचे, भोवती बांध घालायचा. भाजीपाला करणारे शेतकरी हेच करतात. पावसाळी बी वरंब्यावर टोकतात आणि उन्हाळी बी सरीच्या पोटाला.

माती मोकळी करायला बरेच जण वाळू आणतात. चार पाट्या वाळूने काळ्या मातीचं काहीही होत नाही. उलट चिकणमातीच्या लगद्यात वाळूचे कण रुतून बसले की वाळल्यावर गिलाव्यासारखं काहीतरी तयार होतं. फरक पडावा इतकी वाळू घालायची तर निम्मी माती काढून टाकावी लागेल. या मातीला मोकळं करणारी गोष्ट एकच, कुजलेला पालापाचोळा. कंपोस्टमधले सेंद्रिय पदार्थ आणि त्यावर जगणारे जिवाणू व बुरशा मातीच्या कणांना धरून त्यांचे रवाळ दाणे बनवतात. दाण्यांच्या आत पाणी टिकतं आणि दोन दाण्यांच्या मधून हवा फिरते. तीन-चार वर्षं सातत्याने खत घातलेला वाफा ओळखायला सोपा असतो. मूठभर माती दाबली की गोळा होतो, आणि त्याला बोट लावलं की तो विस्कटतो. न सुधारलेल्या मातीचा गोळा बोटाने दबतो, पण फुटत नाही.

कंपोस्टचा आणि या गावाचा संबंध जुना आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याहून चालत इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० साली पडलं. इथे यायच्या वर्षभर आधी, एप्रिल १९३५ मध्ये, हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेले असताना त्यांनी तिथली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था पाहिली होती. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची प्रसिद्ध इंदूर पद्धत बसवली ती याच संस्थेत, आणि १९३१ साली त्यावर दोघांचं पुस्तकही निघालं. हॉवर्ड यांनी ती सगळी आपल्या डोक्यातून काढलेली नव्हती. भारतीय शेतकऱ्याकडून आणि चीनमधल्या शेतीच्या वर्णनांतून त्यांनी पुष्कळ घेतलं होतं, आणि ते मोकळेपणी सांगतही. गांधीजींनी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकातून कंपोस्टचा विषय लावून धरला. डिसेंबर १९४७ मध्ये, फाळणीनंतरची दिल्ली निर्वासितांनी भरलेली असताना, तिथे अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली. कल्पना गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची, अध्यक्ष राजेंद्रप्रसाद. गांधीजींनी त्या दिवसांतही ‘हरिजन’मध्ये या परिषदेविषयी सविस्तर लिहिलं. शेणाच्या आणि पाल्याच्या ढिगाला त्यांच्या लेखी किती महत्त्व होतं, ते यावरून कळतं.

सेवाग्राम आश्रमातली गांधीजींची बापूकुटी हीसुद्धा मुळात मीराबेन यांची झोपडी. तिच्या भिंतीवर त्यांनी मातीतच उठवलेली झाडं आणि चरखा आजही पाहायला मिळतात. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली. तिच्यातून निघालेल्या नई तालीम या शिक्षणपद्धतीच्या सेवाग्राममधल्या शाळेत आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याच्या देखरेखीखाली मुलं भाजी पिकवत, रांधत आणि त्यातून गणित-विज्ञान शिकत. त्याच परिसरात २००५ पासून सुरू असलेल्या आनंद निकेतन शाळेतही शेतीकाम हा शिकण्याचाच भाग आहे. मूल वाफा मोजतं तेव्हा क्षेत्रफळ शिकतं. बी किती उगवलं ते मोजलं की शेकडेवारी येते. घरी मुलं असतील तर एक वाफा त्यांच्या नावाने सोडून द्यावा, आणि त्यात काय लावायचं ते त्यांनाच ठरवू द्यावं.

घरगुती ढिगाची रीत सोपी आहे. खाली पऱ्हाट्या-तुराट्यांचे तुकडे टाकायचे, म्हणजे बुडातून हवा जाते. त्यावर वीतभर वाळका पाला, त्यावर त्याच्या निम्म्याने ओलं: भाज्यांची देठं, निंदण, गवत. मग पातळ शेणकाल्याचा शिडकावा आणि मूठभर माती. असे थर छातीइतके उंच होऊ द्यायचे. ढीग निदान तीन फूट लांब, रुंद आणि उंच हवा. त्याहून लहान ढीग तापत नाही. चांगला रचलेला ढीग तीन-चार दिवसांत आतून इतका गरम होतो की हात धरवत नाही, साठ अंशांच्या आसपास, आणि त्या उष्णतेत तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. इंदूर पद्धतीत साधारण पंधरवड्याने पहिली, महिन्याने दुसरी आणि दोन महिन्यांनी तिसरी पलटी देतात, आणि तीन महिन्यांत खत होतं. ओल किती हवी? मूठभर माल घट्ट पिळला तर बोटांत एखादा थेंब दिसावा, धार लागू नये. पावसाळ्यात ढीग जमिनीवर आणि झाकलेला ठेवायचा. उन्हाळ्यात तोच खड्ड्यात घ्यायचा, नाही तर वरचा पाला नुसता वाळून राहतो. ढिगाला कुजकट वास आला तर आत हवा नाही, पलटी द्या आणि वाळका पाला मिसळा. नुसताच पडून असेल, तापत नसेल, तर शेणकाला कमी पडलाय.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आणि पिंपळ पानगळ करतात, तेव्हा गावोगाव आणि कॉलन्यांमध्ये सकाळी पाला पेटवलेला दिसतो. हे दृश्य पाहून मला खरोखर वाईट वाटतं. वर्षभराचं आच्छादन आणि पुढच्या वर्षीचं खत त्या धुरात जातं, वर शेजारच्या दमेकरी म्हाताऱ्याला खोकला लागतो. पाला पोत्यात भरून, ओला करून, सावलीत ठेवला तरी वर्षभरात त्याचं काळं, भुसभुशीत पानखत होतं. फक्त सागवानाची पानं कुजायला वेळ घेतात, ती आधी कुस्करावी.

बाहेरच्या पुस्तकांत वाचून इथे हमखास केली जाणारी एक गोष्ट मात्र टाळा. चुलीची राख, अंड्याची टरफलं, चुना हे सगळं झाडांना घाला, असा सल्ला जागोजागी दिलेला असतो. तो आम्लधर्मी जमिनीसाठी आहे. कोकणातल्या जांभ्या मातीला राख चालेल. आमच्या काळ्या मातीत चुन्याच्या खड्यांचा आधीच सुकाळ असतो आणि तिचा सामू आठच्या आसपास असतो. त्यात आणखी चुना पडला की झाडाला लोह मिळेनासं होतं.

याची खूण लिंबाच्या, मोगऱ्याच्या, जास्वंदीच्या पानांवर दिसते. शेंड्याचं कोवळं पान हातात घेऊन उजेडात धरा. पान पिवळं पण शिरा हिरव्या, जणू हिरव्या दोऱ्याने जाळी विणलीय, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. पिवळेपणा बुडाच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल आणि पान सगळंच फिकट पडत असेल, तर नत्र कमी आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी कुठलं पान पिवळं झालंय ते नीट पाहायचं. नत्र कमी असेल तर शेणखत किंवा भिजवलेली ढेप पुरते. लोहासाठी हिराकस नुसतं मातीत टाकलं तर चुनखडीच्या मातीत ते लवकरच झाडाला न मिळणाऱ्या रूपात जातं. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस, त्यात लिंबाचे थेंब, आणि संध्याकाळी पानांवर फवारा. किंवा कृषी केंद्रात मिळणारं चिलेटेड लोह घ्यावं. आणि पुन्हा तेच, मुळाशी साचलेलं पाणी काढावं, कारण गुदमरलेली मुळं लोह असूनही घेत नाहीत.

भाजीचं वेळापत्रक नक्षत्रांवर बसवलं की लक्षात राहतं. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की वेलवर्गाचं बी टोकायचं: दोडकं, कारलं, काकडी, कोहळं. त्याबरोबर भेंडी, गवार, बरबटी आणि अंबाडी. वालाला घाई करायची नाही, तो वेल थंडीतच शेंगांवर येतो. काळ्या मातीत पावसानंतर ऊन पडलं की वर कडक पापडी धरते आणि खालचे नाजूक कोंब तिच्याखाली मोडतात. यावर उपाय म्हणजे बी मातीने झाकायचंच नाही, बोटभर चाळलेल्या कंपोस्टने झाकायचं. गणपती उठले आणि पाऊस ओसरला की मुळा, पालक, मेथी, सांभार यांचे दिवस येतात, तरी ऑक्टोबरची उष्णता निवळेपर्यंत थांबलेलं बरं. सांभाराचं बी म्हणजे धणा, तो तळव्याखाली रगडून दोन फाकी करून पेरतात आणि गरम जमिनीत तो उगवायला कंटाळतो. टमाटे, वांगी, कोबी यांची रोपं ऑक्टोबरात लावली की थंडीभर पुरतात. जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी भेंडी, गवार, ढेमसं, काकडी. चिवळ ही आमची उन्हाळ्यातली लाडकी भाजी, तिला फारसं काही मागायची सवयच नाही.

टमाट्याला मे महिन्यात फुलं येतात आणि गळतात, तेव्हा खत कमी पडलं असं समजून माणसं खत ओततात. दिवसा पारा पस्तिशीच्या बराच वर आणि रात्रीही हवा गरम असेल, तर टमाट्याचे परागकण निकामी होतात. त्याला खत काही करू शकत नाही. ते झाड काढून त्या जागी गवार लावावी.

पालेभाज्यांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत असताना, १९३५ च्या सुमारास, गांधीजींनी कच्च्या हिरव्या पानांचे प्रयोग स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर केले आणि ‘हरिजन’मध्ये त्यांच्या आहारमूल्यावर लिहिलं. मुळ्याचा, गाजराचा, मोहरीचा पाला ते जेवणात घेत. नवख्या माणसाने सुरुवात पालेभाजीनेच करावी असं मी म्हणतो, त्यालाही व्यवहाराचंच कारण आहे. मेथी तीन-चार आठवड्यांत ताटात येते. पहिल्याच महिन्यात काही खायला मिळालं की बाग सुटत नाही.

उन्हाळा हा इथल्या बागेचा खरा कस. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, मेच्या शेवटच्या आठवड्यात लागतो, पण मार्चपासूनच तयारी हवी. आळ्यात चार बोटं जाडीचं आच्छादन घालायचं, पाचोळा, गव्हाचं कुटार, सोयाबीनचं कुटार, जे मिळेल ते. फक्त बुंध्यापासून तीन-चार बोटं मोकळी सोडायची, नाही तर तिथे वाळवी आणि बुरशी धरते. सावली पश्चिमेकडून करायची. सकाळचं ऊन झाडाला हवं असतं, दुपारी दोन ते पाचचं जाळून टाकतं. पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी, जुनी साडी किंवा तुराट्यांचा ताटवा, काहीही चालतं. कुंड्या एकमेकींना खेटून, भिंतीपासून दूर ठेवाव्यात. सिमेंटची भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता फेकत राहते. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांना पोतं गुंडाळावं. आणि पाइप. दुपारभर अंगणात पडलेल्या पाइपातलं पाणी कढत असतं. संध्याकाळी नळ सोडल्यावर पहिलं पाणी बादलीत घ्यायचं, झाडावर सोडायचं नाही.

मे महिन्यात कुंडी बदलायची नाही, छाटणी करायची नाही, जोरकस खत द्यायचं नाही. झाडाने टिकून राहावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवावी.

विदर्भातल्या घरात कूलर नाही असं सहसा होत नाही. त्याच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालण्याची पद्धत आहे, आणि पाणी वाया जाऊ नये ही भावना चांगलीच. पण ते पाणी तळाला राहतं तेव्हा त्यातलं बरंचसं उडून गेलेलं असतं आणि क्षार मागे उरलेले असतात. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आधीच जड. कूलरच्या ताटीवर जी पांढरी खपली धरते, तेच क्षार कुंडीत जाऊन साचतात आणि पानांच्या कडा करपतात. रोज टाकीत ताजं पाणी भरून उरलेलं लगेच वापरत असाल तर ते मोठ्या झाडांना चालेल. आठवडाभर फिरलेलं पाणी कुंड्यांना नको. कपड्यांच्या साबणाचं पाणीही भाजीला नको, त्यातल्या सोडियममुळे काळी माती आणखी चिकट आणि घट्ट होते. मोरीच्या पाण्यावर केळ, कर्दळ, शोभेचा अळू यांची रांग लावावी. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मात्र कुठेही घाला.

पाणी वाचवायचा मला सर्वांत आवडणारा मार्ग म्हणजे मडकं. कुंभाराकडून साधं, रंग न दिलेलं मडकं आणायचं, गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाण्याने भरून वर झाकणी ठेवायची, म्हणजे डासही होत नाहीत. भोक पाडायची गरज नाही, मडक्याच्या अंगातूनच पाणी झिरपतं आणि भोवतालची माती ओली झाली की झिरपणं आपोआप मंदावतं. चीनमधल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात या पद्धतीचं वर्णन आहे. मडक्याभोवती वीतभर अंतरावर काकडीचे किंवा कारल्याचे तीन-चार वेल लावले की दोन-तीन दिवसांनी मडकं भरलं तरी भागतं. काळ्या मातीत एक काळजी घ्यावी लागते. ती वाळताना आक्रसते आणि मडक्यापासून सुटते, मग ओल पुढे जात नाही. म्हणून मडक्याभोवती चार बोटं कंपोस्ट मिसळलेली माती भरायची. हंगाम संपल्यावर मडकं काढून काथ्याने घासायचं, कारण क्षारांनी त्याची छिद्रं बुजतात.

कुंड्यांसाठी नुसती काळी माती कधीच भरू नये. ती वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. आपल्याला वाटतं कुंडी भिजली. एक भाग माती, एक भाग खत आणि एक भाग जाडसर मुरूम किंवा भरड वाळू, हे मिश्रण चालतं. कुंडीत वाळू उपयोगी पडते, कारण तिथे प्रमाण आपल्या हातात असतं.

किडींचं थोडक्यात. मावा आणि लाल कोळी पानांच्या खालच्या बाजूला असतात, म्हणून पाण्याचा जोरदार फवाराही खालूनच मारायचा. बऱ्याच वेळा तेवढ्याने काम होतं. निंबोळ्या आपल्याकडे जूनमध्ये जमिनीवर सडा घालतात. त्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात चिमूटभर साबण घालून सूर्यास्ताच्या सुमारास फवारायच्या, उन्हात त्यांचा गुण लवकर जातो. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की तो केवडा रोग. पांढरी माशी तो पसरवते आणि त्यावर औषध नाही. झाड उपटून टाकायचं. लिंबाच्या आणि कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी अळी दिसते, तिचं पुढे काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं देखणं फुलपाखरू होतं. लहान रोपावर असेल तर हाताने काढा. मोठ्या झाडावर चार अळ्यांनी काही बिघडत नाही, तिथे त्यांना राहू द्यावं.

जीवामृताविषयी हमखास विचारतात. ही रीत लोकप्रिय करणारे सुभाष पाळेकर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. घरापुरतं करायचं तर दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती, सावलीत दोन दिवस, रोज दोनदा ढवळून. उपयोगी आहे, पण ज्या मातीत पालापाचोळाच नाही तिथे नुसत्या जीवामृताने फार काही साधत नाही असं मला वाटतं. जिवाणूंना खायला काही तरी लागतं.

लिंबाचं झाड हिरवंगार आहे, पाच वर्षांचं झालं, फळ नाही, ही तक्रार प्रत्येक गल्लीत असते. बहुधा त्याला रोज पाणी मिळत असतं. संत्र्याच्या बागाईतदाराला ताण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आंबिया बहारासाठी तो डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडतो. काळ्या मातीत दीड-दोन महिने, हलक्या मातीत महिनाभर. पानं जरा मलूल झाली, काही गळली, की जानेवारीत हलकी चाळणी करून, खत देऊन पाणी सुरू करायचं, पहिलं थोडं, मग वाढवत. फुलं येतात. घरच्या लिंबालाही हेच लागू आहे, फक्त झाड निदान चार वर्षांचं आणि निरोगी हवं.

मोठी झाडं लावताना आश्रमाच्या आवारात एक फेरी मारून यावी. तिथे गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ आहे. पिंपळाला किती आकाश आणि किती जमीन लागते हे तिथे डोळ्यांना दिसतं. घराशेजारी तो लावू नये. काळ्या मातीवरच्या घरांना एरवीच भेगा जातात, त्यात मोठ्या झाडाने पायाजवळची ओल ओढली की माती आणखी आक्रसते. बकुळ सावकाश वाढते, गर्द सावली देते, आवारात शोभते. मुनगा, म्हणजे शेवगा, फांदी रोवली तरी जगतो, पण त्याचं लाकूड ठिसूळ असतं, तो वाऱ्याच्या तोंडावर आणि छपराजवळ नको.

हंगामाच्या शेवटी बी धरायला एक-दोन फळं वेलावरच सोडावीत, सर्वांत निरोगी वेलावरची, पहिल्या बहरातली. दोडकं वाळून हलवल्यावर आत बिया खुळखुळेपर्यंत काढायचं नाही. भेंडीची बोंडं फुटायला आली की घ्यायची. केवडा आलेल्या झाडाचं बी धरू नये. बी सावलीत आठ-दहा दिवस वाळवायचं, दाताखाली कटकन तुटलं पाहिजे. मग ती राख, जी मातीत घालू नका म्हटलं, ती इथे कामी येते. चाळलेल्या कोरड्या राखेत बी घोळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरायचं, म्हणजे ओल आणि सोंडे दोन्ही दूर राहतात. बाटलीवर वाण आणि वर्ष लिहून ती घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवायची. मे महिन्याच्या शेवटी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहायच्या. सात-आठ उगवल्या तर बी चांगलं आहे. चार-पाचच उगवल्या तर मृगात दुप्पट टोकायचं.